साडी उजेडात पाहता, मग टीव्ही का नाही?

२०२०च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव देशाच्या बातम्यांत येतं ते एरवी दुष्काळामुळे, नाहीतर शेतकरी आत्महत्यांमुळे. त्यामुळे त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांचीच मान जरा ताठ होती. टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती आणि तोंडाला रुमाल बांधून लोक पुन्हा एकमेकांच्या ओसरीवर टेकायला लागले होते. एकाच संध्याकाळी, एकाच वाहिनीवर, मी ते सरोवर तीन घरांत पाहिलं. पहिल्या घरी ते झगझगीत राणी रंगाचं होतं. दुसऱ्या घरी जांभळट, काचेच्या ग्लासातल्या सरबतासारखं. तिसरं घर माझं. तिथे ते विटक्या गुलाबी रंगाचं होतं, कडेला मातकट. माझ्याकडे बसलेल्या काकांनी निकाल देऊन टाकला, "तुह्या टीव्हीत काही दम नाही राजा."

पुढे काही दिवसांनी आम्ही दोघं मोटरसायकलवर लोणारला गेलो. सकाळची वेळ होती. उल्कापाताने बेसॉल्टच्या कातळात पाडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर. त्याच्या काठावरून खाली पाहिलं तर पाणी कितीतरी वेळा धुतलेल्या लुगड्यासारखं उतरलेल्या गुलाबी रंगाचं होतं. कुठे विटकरीकडे झुकणारं, काठाशी हिरवट. मला ते फार सुंदर वाटलं. काकांनी मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "टीव्हीवर तं याच्यापेक्षा भारी दिसत होतं बाप्पा."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. काकांविरुद्ध अजिबात नाही. काकांना त्यांच्या घरातल्या वस्तूने फसवलं होतं, इतकं की समोरचं खरं सरोवर त्यांना खोट्या सरोवराची कच्ची नक्कल वाटली.

त्या पाण्याचा रंग ही शोभेची गोष्ट नव्हती. वन विभागाने नमुने घेतले, ते तपासायला गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं: पाण्यातला खारटपणा आणि अल्कधर्मीपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे, मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले. गुलाबी रंगद्रव्य त्यांचं. पुढे त्यांचा थर तळाशी बसला आणि रंग ओसरला. नासाच्या लँडसॅट-८ उपग्रहाने २५ मे आणि १० जूनला घेतलेल्या चित्रांमध्ये हा बदल आकाशातूनही दिसला होता. म्हणजे तो गुलाबी ही एक माहिती होती. किती गुलाबी, कुठे गुलाबी, कुठे हिरवट, यात पाण्याची तब्येत लिहिलेली होती. ती माहिती आमच्या गल्लीपर्यंत पोचेपर्यंत तीन घरांत तीन झाली होती.

आता माझी ओळख. टीव्हीचे रंग जुळवणं हा माझा छंद आहे. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. पडद्यावर एक छोटं यंत्र टांगायचं. त्याला कलरीमीटर म्हणतात, आणि मध्यम मोबाइलच्या किमतीत ते मिळतं. मग पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या पायऱ्या एकेक करून दाखवायच्या. यंत्र प्रत्येक पायरीतला लाल, हिरवा, निळा मोजतं आणि एचसीएफआरसारखं फुकट सॉफ्टवेअर त्याचे आलेख काढतं. निळा वर गेला असेल तर खाली आणायचा, लाल कमी असेल तर वाढवायचा. करडा खरोखर करडा झाला की अर्धी लढाई जिंकली. घरच्यांच्या मते हा वेळ घालवण्याचा सर्वात महाग आणि सर्वात कंटाळवाणा मार्ग आहे.

माझ्या छंदाबद्दल सर्वात जास्त ऐकायला मिळणारं वाक्य असं: "ज्याला जसा रंग आवडतो तसा त्याने ठेवावा. यात बरोबर-चूक काय?" हे वाक्य उदार वाटतं. पण तेच लोक हे तत्त्व साडीला लावत नाहीत.

खामगाव असो, चिखली असो की मेहकर, साडीच्या दुकानात जाऊन बघा. बाई साडी पसंत करते आणि पैसे देण्याआधी ती घेऊन दुकानाच्या दारात येते. "उजेडात पाहू द्या." ट्यूबलाइटखाली आमसुली दिसणारा रंग दिवसाच्या उजेडात चॉकलेटी निघू शकतो, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. दुकानदारही रागावत नाही, कारण हा हक्क सर्वमान्य आहे. तिथून ती मॅचिंग सेंटरमध्ये जाते. तिथला माणूस साडीचा पदर हातात घेतो, पाठीमागच्या शेकडो कापडांमधून चार काढतो, एकेक पदराशी लावतो आणि तीन बाजूला सारतो. हे तो दिवसभर करतो. राणी आणि गुलबक्षी, अबोली आणि अंजिरी, मोरपंखी आणि चिंतामणी यांच्यात जो फरक आहे, तो त्याच्या बोटांवर आहे. दोन रंगांमधलं अंतर आकड्यात मांडण्यासाठी आमच्या छंदात डेल्टा-ई नावाचं माप वापरतात. ते एकच्या आसपास असेल तर डोळ्याला जेमतेम कळतं. तीनच्या आत आणलं की बहुतेक जण समाधान मानतात. मॅचिंग सेंटरवाल्याने हे नाव ऐकलेलं नाही, पण काम तो हेच करतो.

म्हणजे आपल्या समाजाला रंगाची जाण नाही, हे साफ खोटं आहे. आपल्याकडे रंगांची नावं ढिगाने आहेत, ते पारखायची पद्धत आहे, दारात जाऊन पाहायचा हक्क आहे. हे सगळं हजार रुपयांच्या साडीसाठी आहे. त्याच्या कितीतरी पट किमतीचा टीव्ही मात्र आपण ट्यूबलाइटच्या झगमगाटात, दहा पडद्यांच्या भिंतीसमोर उभं राहून घेतो आणि पुढची आठ-दहा वर्षं जग त्याच्यातून बघतो.

"दारात नेऊन पाहणं" टीव्हीच्या बाबतीत शक्य आहे का? आहे. एचडी टीव्हीच्या रंगांसाठी बीटी-७०९ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९९०पासून आहे. लाल, हिरवा, निळा नेमके कुठले आणि पांढरा म्हणजे कुठला पांढरा, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. त्यातल्या पांढऱ्याचं नाव डी-६५, साधारण ६५०० केल्विन. हा पांढरा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. तो दिवसाच्या उजेडाच्या धर्तीवर बसवलेला आहे. साडीवाली बाई ज्या उजेडात जाऊन उभी राहते, तोच हा उजेड. चित्रपटाचे किंवा मालिकेचे रंग जो माणूस पक्के करतो, तो या मानकाला जुळवलेल्या पडद्यावर काम करतो. तुमच्या घरचा पडदा त्याच मानकावर आला, तर त्याने जे पाहिलं ते तुम्ही पाहाल. बरोबर-चूक ठरवायला याहून अधिक काही लागत नाही. त्यानंतर तुम्हाला ते आवडतं की नाही, हा वेगळा प्रश्न. आधी भाजी जशी केली तशी ताटात येऊ द्या. मीठ कमी-जास्त नंतर बघू.

मग दुकानातला टीव्ही तसा का नसतो? कारण तिथे त्याची स्पर्धा शेजारच्या टीव्हीशी असते, खऱ्या जगाशी नसते. दोन पडदे शेजारी ठेवले की डोळ्याला जास्त उजळ आणि जास्त निळसर असलेला पडदा आधी सरस वाटतो. म्हणून व्हिव्हिड किंवा डायनॅमिक नावाची सोय केलेली असते: प्रकाश शेवटपर्यंत चढवलेला, रंग फुगवलेले, कडा कोरून काढलेल्या आणि पांढरा ‘कूल’ म्हणजे निळसर. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं. तापमान चढेल तसा रंग निळ्याकडे सरकतो. म्हणून केल्विनच्या हिशेबात ‘कूल’ हा जास्त तापमानाचा असतो आणि ‘वॉर्म’ कमी. डी-६५च्या जवळ जायचं तर बहुतेक टीव्हींवर ‘वॉर्म’ निवडावं लागतं. टीव्ही घरी आल्यावर पहिल्यांदा सुरू करताना तो विचारतो: घर की दुकान? जोडणी करणारा मुलगा घाईत असतो. कधी तो दुकान निवडून मोकळा होतो, कधी घर निवडतो आणि नंतर चित्र ‘फिक्कं’ वाटतं म्हणून आपणच व्हिव्हिड लावतो. दुकान आपल्यासोबत घरी येतं.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, कारण सगळा वाद त्याच्यावर उभा आहे. व्हिव्हिडमध्ये जास्त रंग दिसतात, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात कमी दिसतात. पडद्याला एक कमाल मर्यादा असते. सगळे गुलाबी फुगवून त्या मर्यादेला नेऊन टेकवले, की राणी, गुलबक्षी आणि डाळिंबी तिघंही एकाच भिंतीला जाऊन चिकटतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की पांढऱ्या कापसाच्या बोंडातले तंतू दिसेनासे होतात, नुसता पांढरा ठिपका उरतो. काळा दाबला की काळ्या मातीतली ढेकळं आणि त्यांच्या सावल्या एक होतात. फरक पुसून चमक विकत घेतलेली असते. मॅचिंग सेंटरवाल्याने पाठीमागची शेकडो कापडं काढून त्या जागी बारा चकचकीत कापडं लावावीत, असा हा व्यवहार आहे.

"पण डोळ्याला सवय होते की," असं कुणी म्हणेल. होते, अर्धी. निळसर पांढऱ्याची डोळ्याला सवय होते आणि काही वेळाने तो पांढराच वाटायला लागतो, हे खरं आहे. पण पुसलेला फरक सवयीने परत येत नाही. जी दोन गुलाबी एक झाली, ती कितीही वर्षं पाहिली तरी एकच राहतात.

आता दुखऱ्या जागी येतो. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आम्ही सगळे मिळून पाहत होतो. टीव्ही मी नुकताच जुळवलेला. मामी म्हणाल्या, "काहून रे, सगळ्यांची तोंडं काळी पडली?" खरं तर कुणाचंही तोंड काळं पडलेलं नव्हतं. आमच्याकडची उन्हातली माणसं जशी असतात तशी ती दिसत होती: सावळी, गव्हाळ, कुणी निमगोरं, हळदीने थोडी पिवळी. जुन्या सेटिंगमध्ये निळसर पांढऱ्याने आणि चढवलेल्या प्रकाशाने त्या सगळ्यांवर पावडरचा एक हात फिरत होता. मामींना तो हात आता दिसेनासा झाला होता आणि त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं. बरोबर आलेला रंग त्यांना बिघाड वाटला. माझ्या एवढ्या वर्षांच्या छंदात मला एकाही माणसाने "चेहरे गोरे दिसतायत, जरा बघ" अशी तक्रार केलेली नाही. तक्रार नेहमी उलट दिशेनेच येते.

हा प्रकार जुना आहे. अमेरिकेत रंगीत फोटोंच्या प्रयोगशाळांमध्ये कित्येक वर्षं गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड समोर ठेवून रंग जुळवत. त्या कार्डांना ‘शर्ली’ म्हणत. काळ्या माणसांचे चेहरे त्यात हरवून जात. लोर्ना रॉथ या अभ्यासिकेने नोंदवलं आहे की, तपकिरी छटा नीट याव्यात यासाठी कोडॅकवर दबाव आला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. माणसांसाठी जे झालं नाही, ते कपाटांसाठी झालं. आपल्याकडे तर ते कार्डही लागत नाही. ते काम ‘कूल’चं बटण करतं. लोणारचं पाणी गुलाबी झालं त्याच जूनमध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढायचं जाहीर केलं. त्यावर किती लेख आले! ट्यूबवरचा शब्द गेला. घराघरांतल्या टीव्हीमधली सोय तशीच राहिली आणि तिच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४मध्ये प्रदर्शित झाला. जब्याला आपल्या काळेपणाची वाटणारी लाज हा त्या चित्रपटाचा एक कणा आहे. तो चित्रपट व्हिव्हिड आणि कूलमध्ये लावून आपण त्या मुलाला राखाडी करतो आणि मग जातिव्यवस्थेवर गंभीर चर्चा करतो.

यावर सर्वात जोरदार आक्षेप येतो तो माझ्याच जिल्ह्यातून. "इथे प्यायला पाणी नाही, सोयाबीनला भाव नाही, आणि तू टीव्हीचा रंग घेऊन बसला." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण रंग ही चैन आहे, हे शेतकऱ्याला सांगून पाहा. कपाशीचं पान लाल पडायला लागलं की ‘लाल्या’, सोयाबीनच्या पानावर पिवळे चट्टे दिसले की पिवळा मोझॅक. हिरव्यातली पिवळसर झाक आज दिसली की आठ दिवसांनी दिसली, यावर पीक अवलंबून असतं. शेतात हे त्याला कळतं. पण सल्ला आता पडद्यावरून येतो: सह्याद्री वाहिनीच्या कृषी कार्यक्रमांतून, कृषी विद्यापीठांच्या व्हिडिओंतून. तज्ज्ञ सांगतो, "पानाचा असा रंग झाला तर फवारणी करा." कुठला असा? हिरवा फुगवणाऱ्या पडद्यावर आजारी पानही टवटवीत दिसू शकतं आणि सुरुवातीची पुसट पिवळी झाक निळसर पांढऱ्यात विरून जाते. खोट्या रंगाची किंमत सधन घरात फार तर एका सिनेमाची मजा असते. शेतकऱ्याच्या घरात ती जास्त असू शकते. आणि दुरुस्तीला पैसे लागत नाहीत, हे मी खाली सांगणारच आहे. फुकट होणाऱ्या गोष्टीला चैन म्हणणं बरोबर नाही.

आता स्वतःच्या गोटाकडे. आम्हा हौशी मंडळींचाही यात दोष आहे. आम्ही हा विषय यंत्रांचा, आलेखांचा आणि दशांश चिन्हांचा करून ठेवला. डेल्टा-ई १.८ वरून १.२ वर आणण्यात रविवार घालवायचा आणि शेजारच्या घरी व्हिव्हिडमध्ये चाललेल्या टीव्हीकडे तुच्छतेने बघायचं, हे आमचं चरित्र. करड्या पायऱ्या मी पिक्चरपेक्षा जास्त वेळा पाहिल्या असतील. जो फरक मॅचिंग सेंटरवालाही सोडून देईल, त्याच्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. आणि कॅलिब्रेशन मुळातलं खोटं खरं करू शकत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. लोणारच्या ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यातल्या कित्येकांवर मोबाइलने आधीच रंग चढवलेला असणार. लग्नाच्या व्हिडिओवाल्यानेही चेहरे उजळलेले असतात. जुळवलेला टीव्ही एवढंच करतो की त्या खोट्यात आपली भर घालत नाही. माझ्या मते एका यंत्राकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ग्राहकाला हेच आवडतं. ग्राहकाला दुसरं दाखवलं कधी? २०१९मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या यूएचडी अलायन्सने फिल्ममेकर मोड जाहीर केला. एका बटणात रंग, हालचाल, कडा सगळं मूळ चित्राप्रमाणे. मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी त्याचा पुरस्कार केला. चांगली गोष्ट आहे. पण बरोबर रंग हा वेगळा मोड असावा लागतो आणि चुकीचा रंग डब्यातून बाहेर येतानाच असतो, ही व्यवस्था उलटी आहे. वजनकाट्यावर खरं वजन बघायला वेगळं बटण दाबावं लागत असतं, तर आपण दुकानदाराला काय म्हटलं असतं?

माझी मागणी साधी आहे. दुकानात एक तरी टीव्ही बरोबर सेटिंगमध्ये, मंद उजेडात ठेवलेला असावा, आणि गिऱ्हाइकाने "दारात नेऊन दाखवा" म्हटलं की त्याच्यासमोर नेता यावं. ते होईपर्यंत घरी पाच मिनिटं काढा. रिमोट घ्या. पिक्चर मोडमध्ये सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर निवडा. कलर टेम्परेचर वॉर्म करा. शार्पनेस शून्यावर, किंवा कडांभोवतीच्या पांढऱ्या रेघा जातील इतका खाली आणा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. दिवसा चित्र अंधारं वाटलं तर बॅकलाइट वाढवा. ब्राइटनेसला हात लावू नका, कारण बहुतेक टीव्हींवर ते बटण नावाप्रमाणे उजेडाचं नसून काळ्याचं असतं. कलरीमीटरशिवाय एवढ्याने टीव्ही अचूक होणार नाही, पण खोटेपणाचा मोठा वाटा जाईल. स्वस्तातल्या बत्तीस इंचीवरही यातल्या बहुतेक गोष्टी सापडतात.

मग चित्र पिवळं वाटेल. घरचे ओरडतील. आठ दिवस कुणालाही रिमोटला हात लावू देऊ नका.

काकांच्या टीव्हीवर मी हे केलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मेव्हण्याकडे जाऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "त्याच्या घरी सगळेच निळे दिसतेत रे. बिमार असल्यावानी." मी काही बोललो नाही.

लोणारचं ते गुलाबी पाणी पुढे निवळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला आणि पुन्हा एकदा ते टीव्हीवर आलं. पाणी पुन्हा कधी रंग बदलेल, सांगता येत नाही. बदललाच, तर काकांना परत काठावर घेऊन जाणार आहे. त्यांनी खाली बघावं आणि म्हणावं, "टीव्हीवर दिसलं तसंच हाय." त्यानंतर त्यांना ते आवडलं नाही तरी माझी हरकत नाही.